वर्षभर न घ्यायचं नाव

अमेरिकेच्या वायव्येला आमचं बेलव्ह्यू. तिथून घाट चढून पलीकडे उतरलं की झाडं संपतात. आमच्या बाजूला सगळं ओलं, गच्च, हिरवं. पलीकडे पिवळट टेकड्या, भणाणता वारा आणि मधूनमधून सफरचंदाच्या बागा. मी नागपूरची. कोरडं, रखरखीत काही दिसलं की मला आपोआप बरं वाटतं. त्यामुळे तिकडच्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीच्या दवाखान्यात आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसवायचं काम कुणी घ्यायला तयार नव्हतं, तेव्हा मी हात वर केला. पेशंटची माहिती, अपॉइंटमेंट, औषधं आणि अपॉइंटमेंटची आठवण करून देणारे आपोआप जाणारे फोन, असं सगळं त्या एका सॉफ्टवेअरमध्ये होतं.

जाण्याआधी कंपनीने आम्हाला एक ऑनलाइन कोर्स करायला लावला. मूळ रहिवाशांबरोबर काम करताना काय पाळायचं, असा त्याचा विषय. एकीकडे चहा पीत दुसरीकडे पुढचं पान दाबत मी तो संपवला. फार वेळ डोळ्याला डोळा भिडवू नका, बोलताना समोरच्याला मध्येच तोडू नका, वडीलधाऱ्यांचा मान राखा. माझ्याबरोबर जाणारा मुलगा पुण्याचा, माझ्याहून बराच लहान, एच-वन व्हिसावर आलेला. तो म्हणाला, "ताई, ही तर आजोळी जायच्या आधी आई द्यायची तीच लेक्चर्स आहेत. फुकट टाइमपास, यार." शेवटी प्रश्न होते. आम्हा दोघांनाही पैकीच्या पैकी मिळाले आणि स्क्रीनवर एक हिरवी खूण आली. त्या खुणेचा मला आजही राग येतो.

दवाखाना लहान होता, पण स्वच्छ आणि माणसांनी भरलेला. तिथे आमची पहिली ओळख झाली ती दवाखान्याची गाडी चालवणाऱ्या माणसाशी. लांब राहणाऱ्या, स्वतः ड्राइव्ह करू न शकणाऱ्या पेशंटना घरून आणायचं आणि परत सोडायचं, हे त्याचं काम. चाळिशीचा, धिप्पाड, खदाखदा हसणारा. आमची कॉम्प्युटरची खोकी त्याने न सांगता उचलून आत नेली. दुपारी मी डब्यातला चिवडा पुढे केला, तो त्याने मूठभर तोंडात टाकला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितला. पुढच्या वेळेपासून मी त्याच्यासाठी वेगळा डबा नेऊ लागले. तो दारातच विचारायचा, "ते तिखट आणलंस का?"

गाडीत त्याच्या शेजारच्या सीटवर पुष्कळदा त्याची आई असायची. आयुष्यभर शाळेची बस चालवून रिटायर झालेली बाई. गावातली निम्मी माणसं तिच्या बसमधून शाळेत गेलेली, त्यामुळे सगळे तिला आन्टी म्हणायचे. मी मनात तिला मावशीच म्हणायचे. तिला जुना डायबिटीस होता आणि उजव्या पावलाला एक जखम, काही केल्या न भरणारी. दर आठवड्याला ड्रेसिंगसाठी यावं लागे. मुलगा तिला आणायचा आणि ती वाटभर त्याच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायची. दोघांचं ते भांडण ऐकणं ही आमची करमणूक होती.

हिवाळ्यात, हायवेवर बर्फाचा पातळ थर होता त्या सकाळी, त्याची गाडी घसरली आणि ट्रकखाली गेली. गाडीत तो एकटाच होता. पेशंट आणायला निघाला होता.

आम्हाला ऑफिसमध्ये कळलं तेव्हा पुण्याच्या मुलाने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "ताई, आपण काहीतरी करायला पाहिजे. माणूस आपला होता."

काहीतरी करायचं म्हणजे काय, हे आम्हाला शिकवायची गरज नव्हती. आपल्याकडे माणूस गेला की फोटो लावतात, हार घालतात, उदबत्ती लावतात आणि चार माणसं उभी राहून त्याच्याविषयी चांगलं बोलतात. शाळेत, ऑफिसात, बँकेत, सोसायटीच्या हॉलमध्ये. फोटोला हार घातला नाही तर माणसाची कदर केली नाही असं आपण समजतो. त्या मुलाच्या फोनमध्ये फोटो होता, हातात माझा चिवड्याचा डबा घेऊन हसणारा. तो मोठा करून फ्रेम करून घेतला. मी बेलव्ह्यूच्या इंडियन दुकानातून कापडी झेंडूचा हार घेतला, चंदनाची उदबत्ती घेतली. अंत्यविधी झाल्यावर पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा दवाखान्याच्या मीटिंगच्या खोलीत टेबलावर पांढरा कपडा घालून आम्ही ते सगळं मांडलं. फ्रेमखाली ठळक अक्षरांत त्याचं पूर्ण नाव लिहिलं. मी दोन वाक्यं बोलायची तयारीसुद्धा केली होती.

माणसं यायला लागली आणि दारातच थांबायला लागली. सगळे खाली बघत होते. मला वाटलं, हेलावली आहेत. आपण केलं ते बरं झालं, असं चक्क माझ्या मनात आलं. तेवढ्यात त्याची आई काठी टेकत आली. ड्रेसिंगचा दिवस होता, भाचीने आणलं होतं. तिने फोटो पाहिला आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला. रडण्याचा नाही. एखाद्याच्या पोटात अचानक कुणी कोपर मारलं तर निघेल तसा. ती वळली आणि ड्रेसिंग न करताच निघून गेली.

तिची भाची दवाखान्याच्या रिसेप्शनवर काम करायची. आमचं तिथलं निम्मं काम तिच्यामुळे व्हायचं. ती पुढे आली, फ्रेम उचलून पालथी केली, उदबत्ती चिमटीत विझवली आणि मला बाहेर घेऊन गेली. आवाज न चढवता तिने सांगितलं. माणूस गेला की वर्षभर त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याचे फोटो भिंतीवरून काढून ठेवायचे. तो वाटेवर असतो. नावाने हाक मारली की त्याला मागे वळावंसं वाटतं, त्याचं पाऊल अडखळतं. वर्ष झालं की सगळ्यांना बोलावून जेवण घालायचं, त्याच्या आठवणीसाठी घोंगड्या, शाली, भांडी वाटायची आणि मग घरच्यांनी उभं राहून त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. त्या दिवशी फोटो परत भिंतीवर येतो. त्याआधी नाही.

"बाकीही बरंच आहे," ती म्हणाली, "पण तुला एवढं माहीत असलं तरी पुरे."

मला लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो. मी म्हटलं, "आम्ही कोर्स केला होता. त्यात यातलं एक अक्षर नव्हतं."

"कोर्सवाल्यांनी आम्हाला विचारलं असतं तर आम्ही सांगितलंही नसतं," ती म्हणाली. "पण फोटो मांडायच्या आधी तू मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

परतीच्या वाटेवर ती फ्रेम मागच्या सीटवर पालथी पडलेली होती. पुण्याचा मुलगा म्हणाला, "आपल्यात तर नाव घेतलंच पाहिजे असतं ना?" खरंच. माझी आई गेली तेव्हा गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर नावं विचारली होती. आई, आजी, पणजी. पणजीचं नाव आम्हा भावंडांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. गुरुजींनी ते कसं तरी निभावून नेलं. गेलेल्या माणसाला नावाने पाणी द्यायचं, त्यात आपण असे बेफिकीर. आणि इथे नाव न घेणाऱ्या बाईला ते क्षणभरही विसरता येत नव्हतं.

त्यानंतर मावशी दवाखान्यात आली नाही. सुरुवातीला सगळ्यांनी तिला तिच्या दुःखात राहू दिलं. मग नर्स काळजी करू लागली, कारण जखम तशीच होती. नर्सने फोन लावले, ते लागेनात. एक दिवस भाची स्वतः घरी जाऊन आली आणि तिने मला फोन केला. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"तिच्या घरात तुमचं मशीन त्याचं नाव घेतंय," ती म्हणाली.

मला कळेचना. मग उलगडलं. मावशीकडे मोबाइल नव्हता. घरात जुना लँडलाइन आणि त्याला जोडलेलं निरोप टिपणारं यंत्र. तिच्या अपॉइंटमेंट मुलगा बघायचा, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तिच्या नावापुढे संपर्काचा माणूस म्हणून त्याचं नाव होतं. प्रत्येक अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी आमचं सॉफ्टवेअर त्या घरी फोन करत होतं. फोन उचलला नाही की निरोप ठेवत होतं आणि तो निरोप स्वयंपाकघरात सगळ्यांना ऐकू येईल असा वाजत होता. एक गोड, उत्साही, कुणाचाच नसलेला बाईचा आवाज सांगायचा, हा निरोप अमुक अमुक यांच्यासाठी आहे. अपॉइंटमेंट चुकली की पुन्हा फोन. अमुक अमुक, आम्ही तुमची वाट पाहत होतो.

मावशीने शेवटी भिंतीतून फोनची वायर उपटून काढली होती. आणि त्याच फोनवर नर्स तिला शोधत होती.

मी ताबडतोब आमच्या डिरेक्टरला कॉल लावला. हे नाव काढायचं आहे, आज. तो म्हणाला, पेशंटच्या सहीशिवाय संपर्काचं नाव बदलता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, पेशंट दवाखान्यात येत नाही ती याच नावामुळे. तो म्हणाला, मग त्या माणसाला मृत म्हणून मार्क करा. ते मी आधीच बघून ठेवलं होतं. मृत म्हणून मार्क केलं की सॉफ्टवेअर घरी आपोआप एक सांत्वनाचं कार्ड पाठवतं, त्यावर गेलेल्या माणसाचं नाव मोठ्या सुबक अक्षरांत छापलेलं. कुणीतरी मोठ्या कौतुकाने ती सोय केली होती. मग फोनच बंद करा, मी म्हटलं. ते एका पेशंटपुरतं होत नाही, अख्ख्या दवाखान्याचे बंद करावे लागतील, आणि ते कॉन्ट्रॅक्टमध्ये बसत नाही. पुढच्या रिलीजमध्ये, म्हणजे नव्या आवृत्तीत, बघू. शेवटी तो म्हणाला, "ही एज केस आहे, एवढं मनावर घेऊ नकोस."

एज केस म्हणजे कडेला पडलेली, क्वचित घडणारी गोष्ट. मी त्या माणसाला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईने मला नागपुरात वाढवलं त्याचा मला त्या दिवशी पुरेपूर उपयोग झाला. पण बोलून काही झालं नाही. त्याने शांतपणे माझं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या मीटिंगला गेला.

पुण्याचा मुलगा शेजारच्या खुर्चीत बसून हे ऐकत होता. भर दुपारी, सगळे लंचला गेलेले असताना, त्याने परवानगी न घेता सॉफ्टवेअरच्या कोडमध्येच शिरून त्या एका घराकडे जाणारे फोन बंद करून टाकले. मी म्हटलं, "काऊन रे, व्हिसा नको झाला का तुला?" नोकरी गेली तर त्याला देश सोडावा लागला असता, बायको तेव्हा पोटुशी होती. तो म्हणाला, "ताई, तो हार मी निवडला होता. लाल नको, केशरी घ्या, म्हणालो होतो." एवढं बोलून तो डबा गरम करायला गेला.

मग मी मावशीच्या घरी गेले. भाचीला आधी विचारून, तिच्याबरोबर. रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढं आपल्यालाही कळतं. ज्या घरात माणूस गेलंय तिथे गोडधोड नेत नाहीत, हेही कळतं. मी साधी मुगाची खिचडी करून नेली. गाडीत भाचीने विचारलं, "तुमच्या देशात आमच्यासारखे लोक आहेत का?"

मी म्हटलं, आहेत, आदिवासी म्हणतात त्यांना. माझे वडील गडचिरोलीकडे सरकारी आश्रमशाळेत हेडमास्तर होते. जंगलातल्या गावांतून मुलं यायची, तिथेच राहून शिकायची.

"त्यांची नावं काय असायची?"

ती मला माहीतच नव्हती, कारण मुलांची घरची नावं वडिलांनी शाळेत राहूच दिली नव्हती. मुलगा दाखल झाला की ते त्याला नवं नाव द्यायचे, देवाचं किंवा पुढाऱ्याचं. त्यांची नावं आपल्या तोंडात बसत नाहीत, म्हणायचे. वडील वाईट नव्हते. थंडीत स्वतःच्या खिशातून स्वेटर घ्यायचे पोरांना. हे सगळं मी तिला सांगितलं. ती रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली. मग म्हणाली, "माझ्या आजीलाही शाळेत नाव दिलं होतं. स्वेटरही दिला असेल."

घरात शिरल्याबरोबर वास आला. मी डॉक्टर नाही, पण तो वास कशाचा आहे हे सांगायला डॉक्टर लागत नाही. भिंतीवर रिकाम्या चौकोनांचे फिकट डाग होते, जिथून फोटो काढले होते. मावशी खिडकीशी खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. भोवती घोंगड्यांच्या थप्प्या, शाली, नवे पातेल्यांचे सेट, मुलांसाठी मोजे. वर्ष पूर्ण होईल त्या दिवशी वाटायच्या वस्तू. मांडीवर एक शाल होती, तिला ती झालर लावत होती.

भाचीने मला आधीच बजावलं होतं, माफी मागू नकोस, तिला तुझं समाधान करत बसावं लागेल. म्हणून मी खिचडी ओट्यावर ठेवली आणि खाली जमिनीवर बसले. मला गप्प बसता येत नाही, हे माझ्या ओळखीचं कुणीही सांगेल. त्या दिवशी बसले. आधी तीच बोलली.

"फोन पुन्हा बोलेल का?"

"नाही," मी म्हटलं. "आता बोलणार नाही."

"तुझी खात्री आहे?"

"आहे."

तिने भाचीला खूण केली. भाचीने वायर भिंतीत घातली. आम्ही तिघी त्या काळ्या डबड्याकडे बघत राहिलो. ते गप्प होतं.

मग मावशी पायाकडे बोट दाखवून म्हणाली, "मला याच्यावर उभं राहायचंय. त्या दिवशी. बसून नाही घेत नाव. उभं राहून घ्यायचं असतं, आणि आधी आईने घ्यायचं असतं." तिने झालरीची गाठ दाताने तोडली. "एकदा मोठ्याने म्हणायचंय मला. बस."

पुढच्या आठवड्यात ती दवाखान्यात आली. डॉक्टरने टॉवेल उघडला आणि तिला तसंच गाडीत घालून घाटापलीकडे, आमच्या बाजूच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. आधी बोटं काढली. मग पाऊल. मग गुडघ्याखालचा पाय.

हॉस्पिटल बेलव्ह्यूपासून फार लांब नव्हतं. ऑफिस सुटलं की मी जायचे. भाचीला नोकरी सोडून रोज घाट ओलांडून येणं शक्य नव्हतं. मी मावशीजवळ बसायचे, टीव्हीवर काहीतरी चालू असायचं. पाय गेल्याचं ती फारसं बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "एका पायावरही उभं राहता येतं. धरायला कुणीतरी लागेल." मी म्हटलं, मी धरीन. तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आणखी कुणीतरी लागेल." मी पाच फूटसुद्धा नाही.

एका संध्याकाळी नवी नर्स आली, हातात टॅबलेट कॉम्प्युटर घेऊन. तिकडच्या दवाखान्याची सगळी माहिती हॉस्पिटलला आलेली होती, आमच्याच सॉफ्टवेअरमधून. आम्ही फोन बंद केले होते, पण नाव होतं तिथेच होतं. नर्स हसतमुखाने म्हणाली, "तुमच्या संपर्काचा माणूस अजून तोच ना..." आणि वाचायला लागली. मी खुर्चीतून उठून ओरडले, "थांबा!" शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. नर्सच्या हातातला टॅबलेट पडता पडता वाचला. बिचारीचा काही दोष नव्हता, पण मी तिला खोलीबाहेर नेऊन जे सांगितलं ते फार सौम्यपणे सांगितलं नाही. सिक्युरिटीचा माणूस येऊन मला समज देऊन गेला.

परत आत आले तेव्हा मावशी हसत होती. त्या वर्षात मी तिला एवढंच एकदा हसताना पाहिलं. "तुझा आवाज बस ड्रायव्हरचा आहे," ती म्हणाली.

पण इन्फेक्शन रक्तात उतरलं होतं. वर्ष भरायला थोडेच आठवडे राहिले असताना ती बोलायची कमी झाली. शेवटच्या दिवसांतल्या एका दुपारी आम्ही दोघीच होतो. भाची वाटेत होती. मावशीने डोळे उघडले आणि विचारलं, "वर्ष झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "थोडं राहिलंय."

तिने ओठ मिटले. तिच्या गळ्याची हालचाल मला दिसत होती. ती ते नाव आत धरून होती, अगदी दातांच्या मागे. माझ्या तोंडावर आलं होतं, घ्या ना, मावशी. घ्या. इथे कोण ऐकतंय? मी कुणाला सांगणार नाही. आपल्याकडे मरताना तोंडी नाव असावं म्हणतात, देवाचं, नाहीतर लेकराचं. झालं असं सांगून टाकावं, असंही एकदा मनात आलं. झालं वर्ष, आज झालं.

मी बोलले नाही. तिच्या मुलाची वाट होती ती, आणि तिच्यापेक्षा मला ती जास्त कळते असं समजायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता. मी तिचा हात धरून बसले. मी बरोबर केलं असं मला वाटतं. पण तसं वाटल्याने काही हलकं होत नाही. आजही ते मध्येच आठवतं. भाची आली त्यानंतर थोड्या वेळाने मावशी गेली. तिने नाव घेतलं नाही.

भाचीने नंतर फोन केला तो रडायला नाही. ती म्हणाली, "आता तिचंही नाव आहे तुमच्या मशीनमध्ये." मी म्हटलं, मला माहीत आहे. तासाभरात आम्ही ते गप्प केलं. पुण्याच्या मुलानेच केलं, या वेळीही न विचारता. ते पुढचं रिलीज अजून आलेलं नाही. डिरेक्टरची मात्र बढती झाली.

मुलाच्या वर्षाचा दिवस ठरलेला होता, तो बदलला नाही. मला आणि पुण्याच्या मुलाला बोलावणं होतं. मोठ्या हॉलमध्ये जेवणं झाली, मग वस्तू वाटल्या. मला ती झालर लावलेली शाल मिळाली. एका बाजूची झालर अर्धीच होती. मी ती कुणाला पूर्ण करू दिलेली नाही.

मग भाची उभी राहिली. खरं तर तिथे आई उभी राहायची. आईचा उल्लेख कुणी केला नाही, तिचं वर्ष तर नुकतंच सुरू झालं होतं. भाचीने त्याचं नाव मोठ्याने घेतलं. हॉलमधल्या सगळ्यांनी ते तिच्यामागून म्हटलं, पोरांनी, म्हाताऱ्यांनी, आम्ही दोघांनीही. फोटो बाहेर आले. बायका मोकळेपणी रडायला लागल्या आणि लगेच त्याच्या ड्रायव्हिंगचे किस्से सांगून हसायलाही लागल्या. माझ्या शेजारी पुण्याचा मुलगा तोंड लपवून हमसून हमसून रडत होता.

मी रडले नाही. मला राग येत होता, आणि तो अजून गेलेला नाही. आता तिचंही वर्ष होऊन गेलंय, तिचंही नाव त्या हॉलमध्ये सगळ्यांनी घेतलं, मीही घेतलं. तरी हे लिहिताना मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. त्याचं नाव आधी घ्यायची पाळी जिची होती, तिच्याआधी आम्ही ते घेऊन बसलो होतो. ती बाई ज्या नावासाठी जगायला बघत होती, ते तिला एकदाही उच्चारता आलं नाही. त्या वर्षात तिच्या स्वयंपाकघरात ते नाव घेतलं फक्त आमच्या मशीनने.